डावा पंख इटलीचा, उजवा स्पेनचा

युरोफायटर टायफून हे लढाऊ विमान ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन असे चार देश मिळून बनवतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कसं बनवतात ते बघितलं की डोकं चक्रावतं. नाकाकडचा भाग ब्रिटनमध्ये, मधलं धड जर्मनीत, डावा पंख इटलीत आणि उजवा स्पेनमध्ये. बरं, मग हे सगळे तुकडे एका जागी आणून जोडत असतील ना, तर तेही नाही, असेंब्ली लाइन पण चार देशांत चार. ब्रिटनची वॉर्टनला, जर्मनीची मांचिंगला, इटलीची तुरीनजवळ, स्पेनची हेताफेला. म्हणजे पंख आणि धडं युरोपभर फिरणार आणि मग ज्याचं विमान तो आपल्या घरी जोडणार. ह्यामागे काही टेक्निकल कारण असेल म्हणून शोधत बसू नका, नाहीये.

कारण हिशोबाचं आहे. आम्ही जेवढे पैसे घातले तेवढं काम आमच्याच देशात आलं पाहिजे, बस्स. मूळ प्लॅन ७६५ विमानांचा होता, ब्रिटन २५०, जर्मनी २५०, इटली १६५, स्पेन १००, आणि कामाची वाटणी साधारण त्याच प्रमाणात. मग बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत युनियन गेलं, जर्मनीच्या बोकांडी एकीकरणाचा खर्च बसला आणि १९९२ मध्ये त्यांचे संरक्षणमंत्री फोल्कर र्‍युए म्हणायला लागले की हे विमान आम्हाला नकोच, काहीतरी स्वस्तातलं बघा. स्वस्तातलं काही निघालं नाही. मग जर्मनीने आकडा १४० वर आणला, पण कामाचा वाटा मात्र कमी व्हायला नको होता, आणि बाकीचे हे ऐकून घेणार कसे? शेवटी १९९६ मध्ये तोड निघाली ती अशी की जर्मनीने अजून ४० विमानं घ्यायची, म्हणजे १८०, आणि कामातला ३० टक्के वाटा ठेवायचा. चाळीस लढाऊ विमानं, हवाई दल मागतंय म्हणून नाही तर फॅक्टरीतलं काम टिकावं म्हणून! (थोडं तिखट लावून सांगतोय, पण फार नाही.)

हा विषय मी बरीच वर्षं छंद म्हणून वाचतोय, माझा सैन्याशी किंवा शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांशी काही संबंध नाही. पण दोन कंपन्यांचं जॉइंट प्रोजेक्ट ज्याने एकदा केलंय त्याला ह्यातलं अर्ध आपोआप कळतं, कारण तिथेही कामापेक्षा हे कोणाचं काम ह्यावरच जास्त मीटिंगा होतात. आणि वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय, ते म्हणजे ज्या मित्रदेशांनी आधी काम वाटून घेतलं आणि मग काय बनवायचं ते ठरवायला बसले त्यांचं प्रोजेक्ट रडत रडत गेलं, आणि ज्यांनी आधी वस्तू ठरवली, एक मालक ठरवला आणि मग कामं वाटली त्यांचं बऱ्यापैकी जमलं. अपवाद असतीलच.

आधी एक मान्य करू की एकत्र येणं मुळात तोट्याचं नाहीये. ब्रिटनमध्ये एक जुना ठोकताळा सांगतात की जितके भागीदार त्याच्या वर्गमुळाइतक्या पटीने डेव्हलपमेंटचा एकूण खर्च वाढतो आणि घनमुळाइतक्या पटीने वेळ वाढतो. चार देश असले तर खर्च दुप्पट. ऐकायला भयंकर वाटतं, पण तो दुप्पट खर्च चौघांत वाटला की प्रत्येकाला एकट्याने केलं असतं त्याच्या निम्म्यात पडतं. वेळ मात्र दीडपटीच्या वर जातो आणि तो काही वाटून घेता येत नाही, उशीर सगळ्यांना पूर्णच भोगावा लागतो. हा काही निसर्गाचा नियम नाही, अंदाज आहे, पण पैशात बचत आणि वेळेत मार हे चित्र मला तरी खरं वाटतं.

आता घोडं अडतं कुठे? सगळ्यात आधी रिक्वायरमेंटमध्ये. युरोफायटरच्या सुरुवातीला फ्रान्स पण होता. पण फ्रान्सला विमानवाहू जहाजावर उतरू शकेल असं, वजनाने हलकं विमान हवं होतं आणि डिझाइनची सूत्रं पण स्वतःकडेच हवी होती. बाकीच्यांकडे तशी जहाजंच नव्हती, त्यांना जड आणि हवाई युद्धात तरबेज असं पाहिजे होतं. १९८५ मध्ये फ्रान्स बाहेर पडला आणि त्याने राफेल केलं. लोक ह्याला फ्रेंच आडमुठेपणा म्हणतात, मला तर हा त्या सगळ्या काळातला सर्वात प्रामाणिक निर्णय वाटतो. गरजा वेगळ्या होत्या, त्यांनी तोंडावर सांगितलं आणि गेले. पाच जण शेवटपर्यंत एकत्र राहिले असते तर काय निघालं असतं ते बघायचं असेल तर एनएच-९० हेलिकॉप्टर बघा.

एनएच-९० फ्रान्स, जर्मनी, इटली आणि नेदरलँड्सने मिळून सुरू केलं, नंतर बरेच देश गिऱ्हाईक म्हणून आले. कागदावर मॉडेल दोनच, एक सैन्याचं आणि एक नौदलाचं. प्रत्यक्षात प्रत्येक देशाने आपापलं वेगळं काहीतरी मागितलं, इंजिन दोन प्रकारची, सेन्सर वेगळे, स्वीडनने तर केबिनची उंचीच वाढवून मागितली, असं करत करत वीसपेक्षा जास्त व्हर्जन झाली. आता एवढी व्हर्जन असली की प्रत्येकाचं टेस्टिंग वेगळं, सर्टिफिकेशन वेगळं, स्पेअर पार्ट वेगळे, आणि एकत्र येऊन जो फायदा मिळणार होता तो म्हणजे मोठी ऑर्डर आणि एकसारखे पार्ट, तोच गायब. स्वीडनला अफगाणिस्तानसाठी हेलिकॉप्टरं तातडीने हवी होती तेव्हा २०११ मध्ये त्यांनी सरळ अमेरिकेकडून ब्लॅक हॉक घेतली. ज्याने उंच केबिन मागितली त्यालाच शेवटी दुकानातलं तयार घ्यावं लागलं. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये आपली काढून टाकली. नॉर्वेचं तर पुढे सांगतोच.

ए-४०० एम ह्या मालवाहू विमानाची गोष्ट वेगळ्या अंगाने तीच आहे. २००३ मध्ये सात देशांनी एअरबसशी १८० विमानांचा, साधारण २० अब्ज युरोचा करार केला. इंजिन कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीचं घेता आलं असतं, पण सरकारांना युरोपियनच पाहिजे म्हणून चार कंपन्यांचं एक कडबोळं करून नवीन टर्बोप्रॉप इंजिन बनवायला घेतलं. त्या इंजिनाच्या कंट्रोल सॉफ्टवेअरच्या सर्टिफिकेशनने सगळ्यांचा घाम काढला. पहिलं उड्डाण डिसेंबर २००९ ला, २०१० मध्ये करार नव्याने घालून देशांनी साडेतीन अब्ज युरो आणखी ओतले, फ्रान्सला पहिलं विमान मिळालं २०१३ मध्ये. आज ते विमान चांगलं काम करतंय, ते मी नाकारत नाही.

ह्या सगळ्याची आजी म्हणजे एमबीटी-७०. १९६३ मध्ये अमेरिका आणि पश्चिम जर्मनीने मिळून एक रणगाडा बनवायचं ठरवलं. अमेरिकन ड्रॉइंग इंचात, जर्मन ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, आणि कोणी कोणाचं माप घ्यायचं ह्यावर तोडगा असा की दोन्ही ठेवा! इंजिनावर भांडण, तोफेवर भांडण, किंमत आभाळाला, आणि १९७० च्या आसपास सगळं बारगळलं. जर्मनांनी पुढे लेपर्ड-२ केला, अमेरिकनांनी एम-१ अब्राम्स. पण मला ह्यातलं पुढचंच जास्त आवडतं. १९८० च्या दशकात अमेरिकेने अब्राम्सवर मोठी तोफ बसवली तेव्हा घेतली कोणाची, तर लेपर्ड-२ ची, ऱ्हाइनमेटाल ह्या जर्मन कंपनीची १२० मिलिमीटर. अख्खा रणगाडा मिळून बनवायला गेले तर तोंडावर आपटले, आणि एकाने बनवलेली चांगली तोफ दुसऱ्याने लायसन्स घेऊन बनवली तर दोन्ही सैन्यांचं भलं झालं.

एफ-१६ पण ह्याच जातीतलं. जून १९७५ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि नॉर्वे ह्या चार छोट्या देशांनी एकत्र येऊन ३४८ विमानांची ऑर्डर दिली. डिझाइन अमेरिकन, उडून दाखवलेलं, त्यात कोणी बोट घालायचं नाही. पण बदल्यात करार बघा, युरोपच्या विमानांच्या किमतीतलं ४० टक्के, अमेरिकन हवाई दलाच्या ऑर्डरमधलं १० टक्के आणि पुढे तिसऱ्या देशाला जी विकली जातील त्यातलं १५ टक्के काम युरोपियन कंपन्यांना. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये असेंब्ली लाइन. म्हणजे काम वाटलंच, राजकारणी लोकांना घरी दाखवायला नोकऱ्या मिळाल्याच, फक्त ते सगळं विमान ठरल्यानंतर. आणि पुढे कित्येक वर्षं अपग्रेड पण हे देश एकत्रच करत राहिले. तसंच नाटोचं सी स्पॅरो क्षेपणास्त्र, १९६८ पासून चालू आहे, चार देशांनी सुरू केलं, नंतर डझनभर झाले, फारसं कोणी त्याच्यावर लिहीत नाही कारण भांडणं नाहीत.

आता नॉर्वे. माझ्या मते ह्या विषयातलं सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक, पण ठेचा खाऊन शहाणं झालेलं. सी स्पॅरोच्या पहिल्या चारात नॉर्वे होता, एफ-१६ मध्ये होता. मग २००१ मध्ये त्यांनी १४ एनएच-९० मागवली, २००८ पर्यंत मिळायची होती, २०२२ उजाडलं तरी पूर्ण तयार अशी फक्त ८. वर्षाला ३,९०० तास उडायला पाहिजे होती, सरासरी निघायची ७०० च्या आसपास. जून २०२२ मध्ये नॉर्वेने सांगितलं की तुमची हेलिकॉप्टरं तुम्हाला परत, आमचे पैसे आम्हाला परत. देशाच्या पातळीवर असं रिटर्न केलेलं मी तरी क्वचितच ऐकलंय.

पण त्याच नॉर्वेने त्याच्या एक वर्ष आधी, २०२१ मध्ये, जर्मनीबरोबर पाणबुड्यांचा करार केला होता आणि तो वाचला की कळतं की ही मंडळी काय शिकली. एकच डिझाइन, २१२ सीडी, एकच बनवणारी जर्मन कंपनी, सुरुवातीला जर्मनीच्या २ आणि नॉर्वेच्या ४, आणि अट काय तर दोघांच्या पाणबुड्या अगदी एकसारख्या. तुमच्यासाठी वेगळं, आमच्यासाठी वेगळं असं काही नाही. म्हणजे ट्रेनिंग एक, दुरुस्ती एक, स्पेअरचं गोडाऊन एक. मग नॉर्वेच्या कंपन्यांना काय मिळालं? तर त्यांच्याकडे जे आधीच चांगलं होतं, म्हणजे कोंग्सबर्गचं जहाजविरोधी क्षेपणास्त्र, ते जर्मन नौदल घेतंय. नंतर दोघांनी ऑर्डर वाढवली पण. एफ-३५ च्या बाबतीत सुद्धा त्यांनी हेच केलं, विमान अमेरिकन, पण त्याच्या पोटात मावेल असं क्षेपणास्त्र नॉर्वेचं, आणि ते आता अमेरिकन हवाई दल पण विकत घेतंय. (एक नखरा मात्र केला, बर्फाळ रनवेवर थांबायला मागे ब्रेकचं पॅराशूट लावून घेतलं. तेवढं चालतं, गरज खरी होती.)

निर्यातीचा घोळ हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याच्यावर पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. चौघांनी मिळून विमान बनवलं की पाचव्याला विकायचं तर चौघांची परवानगी. ब्रिटनला सौदीला आणखी टायफून विकायची होती, २०१८ मध्ये खाशोगी ह्या सौदी पत्रकाराची हत्या झाली आणि जर्मनी अडून बसला तो जानेवारी २०२४ पर्यंत. जर्मनीची भूमिका चूक होती असं मी म्हणत नाही, आपलं शस्त्र कोणाच्या हातात जातंय हे विचारायचा हक्क त्यांना आहेच. पण हा प्रश्न तीस वर्षं आधी, करार करताना मिटवायला पाहिजे होता. फ्रान्स आणि जर्मनीने निदान २०१९ मध्ये एक आकडा लिहून ठेवला, की एकत्र प्रोजेक्ट नसेल आणि दुसऱ्याच्या वस्तूत आपले पार्ट २० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर साधारणपणे आडवं यायचं नाही. रुक्ष कारकुनी काम आहे, पण डझनभर शिखर परिषदांपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आणि गुपितं. मित्र म्हणायचं आणि कुलूप पण लावायचं. एफ-३५ मध्ये ब्रिटन हा एकमेव पहिल्या दर्जाचा भागीदार, २ अब्ज डॉलर घातलेले, तरी २००६ मध्ये ब्रिटनला धमकी द्यावी लागली की विमान आमचं आम्ही स्वतंत्रपणे चालवू शकू एवढी माहिती देणार नसाल तर आम्ही निघालो. वर्षाच्या शेवटी समझोता झाला. ऑकस, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेचा संरक्षण करार, सप्टेंबर २०२१ मध्ये गाजावाजा करून जाहीर झाला, पण ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनला अमेरिकेच्या शस्त्र निर्यातीच्या लायसन्समधून सूट मिळायला २०२४ उजाडलं, आणि त्यातही वगळलेल्या गोष्टींची यादी जोडलेली आहेच. इंजिनिअरला समोरच्या देशातल्या इंजिनिअरला एक ड्रॉइंग ईमेल करायला महिने लागत असतील तर एकत्र डेव्हलपमेंट कसली करणार?

सोडून जाण्याबद्दल एक छोटी गोष्ट. बॉक्सर नावाची चिलखती गाडी, फ्रान्स १९९९ मध्ये सोडून गेला, ब्रिटन २००३ मध्ये सोडून गेला, जर्मनी आणि नेदरलँड्सने नेटाने पूर्ण केली. २०१८ मध्ये ब्रिटन परत आला आणि पुढच्या वर्षी पाचशेच्या वर बॉक्सर मागवल्या. मधली पंधरा वर्षं गेली ती गेलीच.

ह्या सगळ्याचा परिणाम काय, तर युरोपियन कमिशनने २०१७ च्या सुमारास एक तुलना दिली होती ती अजून सगळे वापरतात, युरोपकडे मोठ्या शस्त्रांचे १७८ प्रकार, अमेरिकेकडे ३०. रणगाड्यांचे १७ प्रकार, अमेरिकेचा १. मोजायची पद्धत कशी होती ह्यावर वाद घालता येतील, एकाच लेपर्डचे वेगवेगळे अवतार वेगळे धरले की आकडा फुगतो, पण चित्र खोटं नाही. आणि युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर काय दिसलं, एवढे प्रकार असून तोफगोळेच पुरेनात. सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी, शब्दशः सतरा! वर १५५ मिलिमीटरचा गोळा म्हणजे सगळीकडे सारखाच असं जे कागदावर होतं ते पण तितकंसं खरं नव्हतं. व्यास सारखा, पण एका देशाचा गोळा, दुसऱ्याचा बारूद, तिसऱ्याची तोफ असं झालं की फायरिंगचा कॉम्प्युटर अडतो, कारण त्याला त्या जोडीची आकडेमोड कोणी दिलेलीच नसते. नाटोचं स्टँडर्ड आहे, पण पाळायची सक्ती नाही. मला विचाराल तर नवीन विमानाच्या कॉन्फरन्स थोड्या बाजूला ठेवून आधी ह्या आकडेमोडीची देवाणघेवाण पूर्ण करा, खर्च फार नाही आणि उद्या उपयोगी पडेल.

युरोपियन युनियन आता पैसे दाखवून लोकांना एकत्र आणायला बघतंय. २०२१ ते २०२७ साठी जवळपास ८ अब्ज युरोचा फंड, अट अशी की किमान तीन देशांतल्या तीन कंपन्या एकत्र आल्या पाहिजेत. २०२५ मध्ये तर १५० अब्ज युरोची कर्ज योजना आणली. उद्देश चांगला, पण तीन देशांची अट घातली की लोक पैशासाठी तिसरा शोधून आणतात, कामासाठी नाही, अशी मला शंका आहे. त्यापेक्षा युरोपातल्या देशांचे एकत्र शस्त्र प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या ऑकार ह्या संस्थेची १९९६ ची कल्पना जास्त अक्कलहुशारीची, की प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पै न पै जुळवू नका, बऱ्याच प्रोजेक्टांचा आणि बऱ्याच वर्षांचा मिळून हिशोब बघा. ह्या वेळी तुझं जास्त, पुढच्या वेळी माझं. दुर्दैव असं की ए-४०० एम पण ऑकारच्याच हाताखाली झालं, म्हणजे कल्पना चांगली असून भागत नाही.

सध्या एकत्र बनवायची दोन मोठी नवीन लढाऊ विमानं शर्यतीत आहेत. फ्रान्स, जर्मनी आणि स्पेनचं एफकॅस, २०१७ मध्ये जाहीर झालं आणि तेव्हापासून भिजत घोंगडं पडलंय, राफेल बनवणारी फ्रेंच कंपनी दासो म्हणते विमानाचं नेतृत्व खऱ्या अर्थाने आमच्याकडे पाहिजे, जर्मनी आणि स्पेनच्या बाजूने असलेली एअरबस म्हणते आम्ही काय पोटकंत्राटदार आहोत का. दुसरीकडे ब्रिटन, इटली आणि जपानचं जीकॅप, २०२२ च्या डिसेंबरमध्ये जाहीर, २०३५ चं टार्गेट, तिघांची समान भागीची एक कंपनी, आणि जपानने तर ह्याच्यासाठी २०२४ मध्ये आपले निर्यातीचे कडक नियम पण सैल केले. म्हणजे निर्यातीचा प्रश्न आधीच हाताळला, हे मला फार आवडलं. पण तिथेही २०२५ मध्ये इटलीच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीरपणे तक्रार केली की ब्रिटन टेक्नॉलॉजी पुरेशी उघडी करत नाही. आणि समान भागी म्हणजे मालक कोण हा माझा प्रश्न तिथे पण उभा आहेच, एक-एक तृतीयांश वाट्याच्या तीन मालकांत वाद झाला की शेवटचा शब्द कोणाचा ते मला अजून कुठे स्पष्ट दिसलेलं नाही.

ह्या दोन विमानांच्या बातम्यांत एक जहाजाची बातमी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी नॉर्वेने ब्रिटनकडून टाइप-२६ फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, घ्यायचं ठरवलं, किमान पाच, सुमारे १० अब्ज पौंडांचा सौदा. जहाजं ग्लासगोला बनणार आणि अट परत तीच, ब्रिटिश नौदलाची जशी तशीच आमची. नॉर्वेला लवकर पाहिजेत आणि गोदी तर ब्रिटिश नौदलाच्या जहाजांनी भरलेली, मग ब्रिटनने काय केलं तर स्वतःच्या रांगेतले नंबर नॉर्वेला दिले. जहाजं सारखीच असल्यामुळे हे जमलं, वेगळी असती तर रांग बदलून काही उपयोग नव्हता. ब्रिटिश नौदलाला मात्र त्यामुळे आपल्या जहाजांसाठी अजून थांबावं लागणार आणि त्यांची जुनी फ्रिगेट आधीच थकलेली आहेत, तर तिकडचे ॲडमिरल ह्यावर खासगीत काय बोलत असतील ते ऐकायला मला फार आवडेल.